समुद्राकाठी जांभ्याचं घर बांधताना: आधी कारागीर, मग नकाशा

कोकण किनाऱ्यावर जागा घेतली की पहिलं स्वप्न पडतं ते समुद्राकडे उघडणाऱ्या भल्यामोठ्या काचेचं. मलाही पडलं होतं. पश्चिमेला आठ फुटी सरकती खिडकी बसवली. पहिल्याच जूनमध्ये तिच्या खालच्या पट्टीत पाणी साठलं आणि तिथून आत आलं. दिवाळीपर्यंत खारानं चाकं इतकी धरली की खिडकी सरकवायला दोन माणसं लागायची. तिसऱ्या वर्षी ती काढली, बाहेर पडवी घेतली आणि लाकडी झडपांची खिडकी लावली. पडवीत बसून समुद्र आता जास्त दिसतो.

कोकणात समुद्र पश्चिमेला. दुपारचं ऊन, नैर्ऋत्येचा पाऊस आणि खारा वारा, तिन्ही त्याच बाजूने येतात. जिकडे बघायचं तिकडूनच मार खायचा, असा हा सौदा आहे. गुहागर, दिवेआगर, दापोलीजवळचं मुरूड इथली जुनी घरं पाहा. घर रस्त्याला लागून, मागे माड-पोफळीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. घरातून समुद्र दिसत नाही, रात्री नुसती गाज ऐकू येते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे काढल्या त्यांना समुद्राची हौस नव्हती असं नाही, त्याचा स्वभाव माहीत होता.

हा लेख पहिल्यांदाच जांभ्याचं, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाचं, घर बांधणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने चढा. बहुतेकांचा घोळ क्रमातच होतो.

१. कागद आधी

सीआरझेड, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्र. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असलेल्या भागांसाठी ही मर्यादा ५० मीटर आहे, पण कोकणातली बरीचशी गावं २०० मीटरवालीच. त्यापुढे ५०० मीटरपर्यंत अटी लागू होतात. परवानगी मिळाली तरी उंची ९ मीटर आणि मजले दोनच. खाडीकाठी असाल तर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते.

भरतीरेषा आपल्या डोळ्यांनी ठरवायची नसते. ती मंजूर नकाशावर आखलेली असते, आणि आपल्या गावासाठी सध्या कोणता नकाशा लागू आहे ते लेखी विचारून घ्यायचं असतं. “ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आहे की!” असं सांगणारा दलाल भेटला तर हसून पुढे जा. या हद्दीत जुनं अधिकृत घर उभं असलेली जागा मिळाली तर मात्र नीट विचार करा. आहे त्या जोत्यावर, आहे तेवढंच घर दुरुस्त करायला किंवा पुन्हा बांधायला वाव असतो.

शेतजमीन असेल तर सातबारा, शेतकरी असल्याचा पुरावा, बिनशेती ही कामं वेगळी. त्यासाठी चांगला वकील गाठा, मी काही सांगत नाही.

२. एक पावसाळा काढा

जागा घेऊन लगेच पाया खणू नका. जुलैमध्ये दोन-तीनदा जाऊन, छत्री घेऊन, जागेवर तासभर उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे साठतं, वारा कुठल्या कोपऱ्याने घुसतो, शेजारच्या घराच्या कुठल्या भिंतीवर शेवाळ चढलंय, हे सगळं लिहून ठेवा. शेवाळाची भिंत ही तुमच्या पावसाची दिशा. शेजारी पडवीला पश्चिमेकडून माडाची झापं बांधत असतील तर किती खालपर्यंत बांधतात तेही बघा.

विहिरीचं पाणी याच वेळी तपासून घ्या, आणि मे महिन्यात पुन्हा एकदा. किनाऱ्यावरच्या काही विहिरी पावसात गोड आणि उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्यात सिमेंट कालवलं की भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून वर येतात, आणि आतली सळई गंजते. लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. साध्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते.

३. माणसं शोधा

आता नकाशा काढायचा, असं तुम्हाला वाटेल. थांबा.

जांभ्याचं घर आर्किटेक्टच्या टेबलावर निम्मंच ठरतं. चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, किती लांबीचा मिळतो, त्यावर भिंतीची जाडी आणि खिडक्यांमधलं अंतर ठरतं. वाशाला किती लांब लाकूड मिळतं, त्यावर खोलीची रुंदी. आणि गावातल्या सुताराला काय जमतं यावर दारं-खिडक्या. हे तिन्ही माहीत नसताना काढलेला नकाशा साइटवर रोज बदलतो, आणि प्रत्येक बदलाचे पैसे तुम्ही देता.

म्हणून आधी गवंडी आणि सुतार. त्यांचा पत्ता फोनवर मिळत नाही. आवडलेल्या जुन्या घरात शिरायचं, मालकाला विचारायचं, “हे काम कोणी केलं?” आणि “नंतर दुरुस्तीला परत आले का?” दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

मला भेटलेले गवंडी सत्तरीचे होते. त्यांनी माझा छापील नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “साहेब, यात पाऊस कुठनं येतो ते काय दाखवलेलं नाय.” मग खडू घेऊन ओसरीच्या फरशीवर त्यांनी पश्चिमेची भिंत काढली, तिच्यापुढे पडवी ओढली आणि संडासाचा चौकोन उचलून पूर्वेकडे नेला. दुपारचा वारा समुद्रावरून येतो, वास घरात घुसायला नको. आर्किटेक्ट बाईंनी दुसऱ्या दिवशी तो खडूचा नकाशा मोबाइलवर टिपला आणि त्यावरून नवा काढला. आर्किटेक्ट अशाच असाव्यात.

मजुरीचं दोन प्रकारे ठरतं, रोजावर किंवा उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून. माझं मत असं: ताशीव चिऱ्याचं उघडं बांधकाम आणि सगळं लाकूडकाम रोजावर द्या. गिलावा, खोदकाम, भराव हे उक्तं चालेल. उक्त्यात हात घाईने चालतो, आणि उघड्या चिऱ्यात घाई आयुष्यभर दिसते. काम सुरू करण्याआधी तीन फूट बाय तीन फुटांची नमुना भिंत बांधून घ्या, दर्जांसकट, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे भरून. पसंत पडली की ती मोडायची नाही. काम संपेपर्यंत ती साइटवर राहू द्या, म्हणजे वाद झाला की बोट दाखवायला होते.

कारागिरांचं वर्ष तुमच्या वर्षापेक्षा वेगळं असतं. गणपतीत आणि शिमग्यात साइट बंद. एप्रिल-मेमध्ये निम्मं गाव आंब्यात असतं, उरलेलं लग्नात. चिरेखाणी पावसाळ्यात थांबतात. म्हणजे ऑक्टोबरअखेर खोदाई, डिसेंबरपर्यंत जोतं, शिमग्याआधी भिंती आणि एप्रिलअखेर छप्पर. मेच्या पंधरा तारखेनंतर एकही कौल चढवायचं बाकी असू नये. यातलं काही चुकलं तर जोतं झाकून ठेवा आणि पुढच्या वर्षी या. घाईने अर्धवट झालेल्या छपरापेक्षा ते परवडतं.

४. जोतं

जोतं उंच घ्या, जमिनीपासून किमान अडीच फूट. पायाला आणि जोत्याच्या खालच्या थरांना काळवत्री दगड वापरा, जांभा नको. जांभा सच्छिद्र असतो, जमिनीतलं खारं पाणी वर ओढतो. काळ्या दगडावर ओल अडवणारा थर घालून मगच चिरे सुरू करायचे.

जमीन पुळणीची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूची, असेल तर पाया रुंद लागतो, तो अभियंत्याकडून काढून घ्या. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप इथल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. म्हणून जोत्यावर आणि खिडक्यांच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा हवाच. समुद्राजवळ या पट्ट्यांना एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण लागतं. थेट तुषार पोचत असतील तर त्याहून जास्त. साइटवर हे आवरण हमखास कमी पडतं, कारण सळईखाली ठेवायचे ठोकळे कोणी ठेवत नाही. आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन मोजा. आणि पुळणीची वाळू बांधकामात नाही म्हणजे नाही. ती खारट असते, शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलणं बेकायदा आहे.

५. चिरा

हा या घराचा जीव, म्हणून इथे जरा थांबू.

फ्रान्सिस बुकानन या वैद्याने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव लॅटराइट ठेवलं. नाव समर्पक आहे. खाणीतून निघालेला जांभा ओला, मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की त्यातली लोहद्रव्यं घट्ट होतात आणि तो कडक होत जातो. रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ माळांवरची, कातळशिल्पं याच दगडात कोरलेली आहेत आणि हजारो वर्षांचा पाऊस खाऊन अजून वाचता येतात. १९१० मध्ये बांधलेला रत्नागिरीचा थिबा राजवाडाही जांभ्याचाच.

खाणीवर स्वतः जा. हल्ली चिरा यंत्राच्या पात्याने कापतात, कडा सरळ निघतात. साधारण चौदा-पंधरा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच असा चिरा असतो, वजन तीस किलोच्या आसपास. पण खाणीखाणीत माप बदलतं, म्हणून टेप न्या. चिरा पारखायचा असा:

हातोडीच्या दांड्याने वाजवा. टणक चिरा खणकन वाजतो, कच्चा बद्द वाजतो. रंग बघा. विटकरी किंवा जांभळट तांबडा चांगला. मध्ये पिवळे पट्टे, पांढरी शेडी, म्हणजे मऊ माती, भरलेली भोकं दिसली तर तो बाजूला काढा. पहिल्या पावसात शेडी वाहून जाते आणि भिंतीत उंदराची बिळं असावीत तशी भोकं उरतात. दोन-तीन चिरे घरी आणा, वाळवून वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुन्हा वजन करा. वजन १२ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर ती खाण सोडा. भारतीय मानकाची मर्यादा तेवढीच आहे.

मग चिरे साइटवर आणून निदान एक-दोन महिने उघड्यावर रचून ठेवा. खाणीतून आणला आणि दुसऱ्या दिवशी भिंतीत घातला, असं करू नका. या मुदतीत जे चिरे फुटतात, कोपरे टाकतात, ते तुमच्या भिंतीत फुटले असते. मोजणीपेक्षा दहा टक्के जास्त मागवा आणि शक्यतो सगळे एकाच खाणीतून, एकाच थरातून. नाहीतर भिंत ठिगळाच्या गोधडीसारखी दिसते. काहींना ते आवडतं, तो भाग निराळा.

जोडायला निव्वळ सिमेंटपेक्षा सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ हे मिश्रण मला बरं वाटतं. चुन्याने सांधा थोडा लवचीक राहतो आणि ओल बाहेर पडते. चुना विरवायला पुरेसे दिवस द्या. चुन्याचा हात असलेला गवंडी मिळाला नाही तर हट्ट धरू नका. न जमणाऱ्या माणसाने केलेलं चुन्याचं काम साध्या सिमेंटपेक्षा वाईट होतं.

नऊ इंची उघडी भिंत पश्चिमेच्या झडीत पाणी पाझरते, हे गृहीत धरा. उपाय तीन: चिरे आडवे घालून भिंत जाड करा, छपराची वळचण तीन फूट बाहेर काढा किंवा पडवी घ्या. मी पडवीवाला. चौथा उपाय म्हणून दुकानदार चकचकीत पॉलिश सुचवेल. तेवढं टाळा. दगडाचा श्वास कोंडतो, आतली ओल त्या थराला फोड आणते आणि चार वर्षांत भिंत नायटा झाल्यासारखी दिसते.

आणखी एक. तुमची जागा अलिबागच्या आसपास असेल तर तिथे काळा दगड जवळचा. दीडशे किलोमीटरवरून ट्रक भरून जांभा आणायचा आणि त्याला स्थानिक म्हणायचं, यात काही अर्थ नाही.

६. लाकूड

साग उत्तम, पण सगळीकडे साग लागत नाही. वाशांना ऐन किंवा किंजळ, दारं-खांबांना फणस. फणसाचं दार आधी हळदीसारखं पिवळं असतं, दहा वर्षांत मधासारखं गडद होतं. आंब्याचं लाकूड फळीकामापुरतं ठीक, घरात नको, वाळवी सोडत नाही. जून माडाचं बाहेरचं काळपट लाकूड खांबांना छान, आतला भुसभुशीत गाभा टाकून द्यायचा.

स्वतःच्या वाडीतलं झाड असलं तरी तोडण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. अनेक जातींना परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. तोडलेलं लाकूड निदान एक वर्ष सावलीत, खाली ठोकळे देऊन वाळू द्या. इतकी वाट बघायची नसेल तर मोडलेल्या जुन्या घराचं लाकूड घ्या. ते शंभर पावसाळे पाहून बसलेलं असतं, आता वाकडं काय होणार! फक्त खिळे सगळे काढलेत ना ते बघा. सुताराच्या रंध्याचं पातं मोडलं की त्याचा दिवस जातो आणि तुमच्यावरचा विश्वासही.

भिंतीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची इथली रीत आहे. वाळवी खरंच लांब राहते, पण ते तेल कातडी भाजतं, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू देऊ नका. बांबू वापरणार असाल तर बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केलेलाच घ्या.

७. छप्पर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. रायगड आणि दापोली-मंडणगड पट्ट्यातली कौलं, पत्रे, माड-पोफळी एका दुपारीत गेली. त्यानंतर अनेकांनी कौलांना रामराम ठोकला. मला वाटतं दोष कौलांचा कमी, बांधणीचा जास्त.

उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून कमी उतारावर झडीचं पाणी कौलाखाली उलटं चढतं. वासे भिंतीवर नुसते टेकवू नका. भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीट पट्ट्यातून आधीच बोल्ट वर काढून ठेवा आणि लाकूड त्याला आवळा. छप्पर उडतं ते या सांध्यातून. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याजवळच्या ओळी आणि कडेची कौलं तारेने रिपांना, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांना, बांधा. कौलाच्या मागच्या बाजूला त्यासाठी भोक असतं, कित्येकांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं. तार तांब्याची किंवा स्टेनलेस, साधी तार दोन पावसांत गंजते. रिपांमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेल्या कौलांतली दहा-बारा जमिनीवर एकावर एक मांडून मोजा, कारण कारखान्यागणिक साचा थोडा फरकाचा असतो. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं धरा.

आणि वांदर. समुद्राच्या वादळापेक्षा लाल तोंडाची टोळी कौलांचं जास्त नुकसान करते, हे शहरातून आलेल्याला कोणी सांगत नाही. टोळी येणारी जागा असेल तर वाशांवर आधी फळ्या किंवा पत्रा, त्यावर रिपा आणि मग कौलं, असं दुहेरी छप्पर करा. कौल फुटलं तरी घर गळत नाही. खर्च वाढतो, पण जुलैच्या रात्री अंथरूण हलवावं लागत नाही.

८. लोखंड जेवढं कमी तेवढं बरं

बिजागऱ्या, कड्या, कोयंडे पितळेचे. स्क्रू स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे. ३०४ सुद्धा किनाऱ्यावर डाग धरतो. खिडक्यांना लोखंडी गजांऐवजी लाकडी गज. समुद्राकडच्या खिडक्या लहान आणि झडपांच्या, पूर्वेकडच्या मोठ्या. पश्चिमेच्या दाराचा उंबरा बाहेरच्या पातळीपेक्षा निदान तीन इंच वर, आणि पडवीच्या जमिनीला बाहेर उतार.

जमिनीचं फार काही सांगत नाही. मला लाल कोबा आवडतो, आईला सारवलेलं अंगण. दोन्ही केलं.

आतला रंग आणि फर्निचर पहिला पावसाळा गेल्यावर करा. भिंत कुठे ओल धरते ते घर स्वतःच दाखवतं, तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा आणि ऑक्टोबरात गवंड्याला बोलवा. दरवर्षी मेमध्ये छप्पर शाकारून घ्यायचं, वळचणीतला पालापाचोळा काढायचा, लाकडाला तेल द्यायचं. आणि घराच्या मागे, पडवीच्या आडोशाला, त्याच खेपेतली दोनशे कौलं आणि वीस कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, रचून ठेवायचे. पाच वर्षांनी बाजारातून आणलेलं कौल तुमच्या रिपांवर बसेलच असं नाही.